बनियनवाला मुंडल

घरात बनियनवर बसलेल्या माणसाचा रुबाबच वेगळा असतो. शर्ट घातला की तो कुणाचा तरी नोकर, कुणाचा तरी जावई, सोसायटीचा मेंबर वगैरे असतो, पण बनियनमधे तो फक्त मालक, टीव्हीचा, पंख्याचा आणि आवाज चढवायच्या हक्काचा. ऑस्ट्रियात हे बनियन एका नटाच्या अंगाला असं काही चिकटलं की शेवटपर्यंत निघालंच नाही. कार्ल मेरकाट्स त्याचं नाव, पण तिकडे रस्त्यावर विचाराल तर लोक म्हणणार, अच्छा, मुंडल!

१९७५ ते १९७९ या काळात तिथल्या सरकारी टीव्हीवर चोवीस भागांची एक मालिका लागायची, 'अस्सल व्हिएन्नाकर बुडत नाही' अशा अर्थाचं नाव होतं तिचं. फावोरिटेन या कामगारवस्तीत राहणारा इलेक्ट्रिशियन एडमुंड उर्फ मुंडल साकबाउअर, हातात बिअर, अंगात बनियन, तोंडात शिव्या, पोराशी भांडण, जावयाशी भांडण, जगाशी भांडण. लेखक एर्न्स्ट हिंटरबेर्गर स्वतः इलेक्ट्रिशियनचं काम शिकलेला, त्यामुळे ही माणसं त्याने लांबून बघून लिहिलेली नव्हती. तरी पहिले भाग लागले तेव्हा प्रेक्षक जाम भडकले, आम्ही व्हिएन्नाचे लोक असे गावंढळ आहोत का, बंद करा हे! आणि मग हळूहळू तेच लोक त्याचे डायलॉग पाठ म्हणायला लागले. आरशाचं असंच असतं म्हणा, आधी राग येतो मग आपण भांग पाडायला लागतो.

गंमत म्हणजे हा 'अस्सल व्हिएन्नाकर' व्हिएन्नाचा नव्हताच. मेरकाट्स १९३० साली वीनर नॉयश्टाटला जन्मला, व्हिएन्नाच्या दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर. आधी सुतारकाम शिकला, मग नाटकाचं रीतसर शिक्षण घेतलं, आणि पुढे जर्मनीत हाइलब्रॉन, हॅम्बुर्ग, म्युनिक असं करत रंगमंचावर वर्षानुवर्षं घासली. मुंडल आला तेव्हा वय ४४. म्हणजे इतकी वर्षं नाटकं करून शेवटी ओळख कशाने, तर बनियनने. मला आधी हे फार अन्यायाचं वाटायचं, आता नाही वाटत. नुसतं ओरडणारं पात्र कुणीही करेल, पण ओरडून झाल्यावर क्षणभर जो माणूस बावचळतो ना, आपण काय बोलून बसलो म्हणून, तो दाखवायला आधीची सगळी नाटकं लागली असणार.

आणि त्याने दुसरंही केलंच की. १९८१ च्या 'बोकरर' सिनेमात तो व्हिएन्नाचा खाटीक आहे, नाझींचा काळ, सगळं शहर हिटलरचा वाढदिवस साजरा करतंय आणि नेमका याचाही वाढदिवस त्याच दिवशी, २० एप्रिलला. बायको पोरगा दोघंही नव्या राजवटीकडे झुकलेले आणि हा भाषणं न ठोकता, हिरोगिरी न करता नुसता आपल्या हट्टाने तिकडे जात नाही, कारण त्याला ते पटतच नाही. त्या कामासाठी त्याला मॉस्को फेस्टिवलमधे बेस्ट अ‍ॅक्टरचं बक्षीस मिळालं. पुढे याच खाटकाचे आणखी तीन सिनेमे निघाले. हट्टी तोही आणि मुंडलही, फक्त एकाचा हट्ट घरच्यांना छळतो आणि दुसऱ्याचा राजवटीला.

२००८ मधे मुंडल सिनेमाच्या पडद्यावर परत आला तेव्हा मेरकाट्स ७८ वर्षांचा होता. डिसेंबर २०२२ मधे तो गेला, ९२ व्या वर्षी.

बाकी खरं सांगू का, मालिकेच्या क्लिप बघताना माझं लक्ष बऱ्याचदा मुंडलच्या बायकोकडे, टोनीकडेच जातं. इंग्रिड बुर्कहार्ड ही नटी. नवरा खोली डोक्यावर घेतोय आणि ही आपली शांत. तिच्यावर कुणीतरी वेगळा लेख लिहायला पाहिजे, मला जर्मन नीट येत असतं तर मीच लिहिला असता.