बारा बाइटांचं पुणे

टर्मिनलच्या, म्हणजे कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीत 'पुणे' एवढा एकच शब्द 'एको'नं एका फाइलीत टाकावा आणि 'डब्ल्यूसी'ला विचारावं, बाबा रे, आकार किती? डॅश-सी लावून विचारलं तर उत्तर येतं १३. डॅश-एम लावून विचारलं तर ५. बालवाडीतल्या पोराला विचारलं तर २. तिघंही खरं बोलतात. फक्त मोजायचं काय, यावर त्यांचं एकमत नाही.

पोराच्या हिशेबात पु आणि णे. युनिकोडच्या, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणाच्या, हिशेबात प, उकार, ण, मात्रा अशी चार सुटी चिन्हं. युनिकोडनं देवनागरीला ०९०० ते ०९७एफ अशी १२८ खोल्यांची चाळ दिली आहे आणि त्या चाळीतलं कुणीही यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड बाइटांत लिहायच्या पद्धतीत, उतरलं की ३ बाइटांची जागा अडवतं. डॅश-सी बाइट मोजतो, म्हणून तीन चोक बारा. वरचा एक म्हणजे ओळ संपल्याची खूण, ती एको न सांगता लावतो. दुष्काळातला तेरावा महिना जाचतो, हा तेरावा बाइट मात्र गरीब आहे. जाचतो तो चौदावा. विंडोजवरून आलेल्या फाइलीत ओळीच्या शेवटी एकाऐवजी दोन खुणा असतात. मग 'ओळीच्या शेवटी पुणे असेल ती ओळ दाखव' असं ओळी शोधणाऱ्या ग्रेपला सांगितलं की तो गप्प बसतो, कारण त्याच्या दृष्टीनं शेवटी पुणे नसतंच, एक अदृश्य खूण असते. 'फाइल' ही कमांड अशा वेळी 'सीआरएलएफ' असं स्पष्ट सांगते. 'डॉस-टू-युनिक्स' चालवलं की चौदावा जातो.

सुटी चिन्हं मोजणाऱ्या डॅश-एमनंही १३ च सांगितलं, तर फाइलीवर संशय घेण्याआधी यंत्राची भाषेची मांडणी सांगणारी 'लोकॅल' कमांड चालवून बघावी. तिथे यूटीएफ-८ नसेल तर यंत्राला अक्षर म्हणजे बाइटच वाटतो. फाइल वाचून दाखवणाऱ्या 'लेस'मध्ये मराठीऐवजी कोनदार कंसात ई०, ए४ अशा जोड्यांची रांग दिसते, तीही बहुतेक याच कारणानं. आणि लोकॅल बरोबर असूनही काना-मात्रा एकमेकांवर चढलेल्या दिसल्या, जोडाक्षरं सुटी पडली, तर तो टर्मिनलचा दोष. बऱ्याच टर्मिनलना देवनागरी नीट मांडता येत नाही. मजकूर धडधाकट असतो. मराठी फाइल टर्मिनलमध्ये कशी दिसते यावरून तिची पारख करू नये, एवढं पथ्य पाळलं तर निम्मी घबराट कमी होते.

अप्पा बळवंत चौकापासून हिंजवडीपर्यंत या बाबतीतली तक्रार एकाच शब्दात होते: फॉन्ट फुटलाय. ताप आलाय म्हणण्यासारखंच हे. कसला ताप, ते लक्षणांवरून ओळखावं लागतं.

अक्षरांच्या जागी रिकामे डबे दिसले तर काही बिघडलेलं नाही. त्या मशीनवर देवनागरी फॉन्ट नाही, बस्स. प्रश्नचिन्हांची माळ दिसली तर मात्र हात जोडावेत. कुणीतरी मराठी मजकूर ज्यात मराठी मावतच नाही अशा एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरांचे बाइट ठरवणाऱ्या तक्त्यात, सेव्ह केला, आणि प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह बसलं. ते परत येत नाही, जुनी प्रत शोधायची.

तिसरा प्रकार मोठा रंजक. डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला रोमन 'ए', त्याच्या शेजारी कधी चार पाय फुटलेलं वर्तुळ ¤, कधी जपानी येन ¥, मग आणखी एखादं चिन्ह, आणि पुन्हा तीच सुरुवात. हे मराठीच असतं. यूटीएफ-८ मधल्या देवनागरीचा पहिला बाइट कायम ई०, दुसरा ए४ किंवा ए५. विंडोजच्या जुन्या १२५२ या तक्त्यात ई० म्हणजे तो रेघवाला ए, ए४ म्हणजे ¤, ए५ म्हणजे ¥. कुणीतरी यूटीएफ-८ ला १२५२ समजून वाचलं आणि वाचलेलं तसंच जपून ठेवलं. उपाय उलट्या पावली चालण्याचा: एन्कोडिंग बदलणाऱ्या 'आयकॉनव्ह'ला सांगायचं की हे यूटीएफ-८ मधून विंडोज-१२५२ मध्ये आण. बाहेर येणारे बाइट म्हणजेच मूळची देवनागरी.

पण इथे मराठीचं नशीब आडवं येतं. १२५२ च्या तक्त्यात पाच घरं रिकामी आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. देवनागरीत ८१ वर संपतो ह्रस्व उकार, आणि चंद्रबिंदूही. ८डी वर हलन्त. ८एफ वर ए, ९० वर ऐ, ९डी वर झ. म्हणजे भोकं नेमकी उकार आणि जोडाक्षरांखाली! मधल्या एखाद्या प्रोग्रामनं त्या जागी प्रश्नचिन्ह कोंबलं असेल तर 'पुण्यात'मधले प, ण, य, काना आणि त परत मिळतात, उकार आणि हलन्त कायमचे जातात. प्रोग्राम सभ्य असेल आणि त्यानं ते बाइट तसेच पुढे ढकलले असतील, तर आयकॉनव्ह त्या जागी अडतो आणि कितव्या जागी अडलो ते आकड्यात सांगतो. तेवढे पाच बाइट आपल्या हातानं जुळवणारी चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली की काम होतं.

चौथा प्रकार फुटलेल्या फॉन्टचा नव्हे, हरवलेल्या फॉन्टचा. युनिकोड रुळण्याआधी मराठी डीटीपी चालायचं ते श्रीलिपी किंवा आयएसएम या सॉफ्टवेअरांच्या फॉन्टांवर. त्यांच्या बऱ्याच फाइलींमध्ये अक्षर नसतं, अक्षराचा आकार असतो. रोमन घरांत अर्धा म, काना, रफार असे तुकडे बसवलेले. भारतीय लिप्यांसाठी खरं एन्कोडिंगही होतं, इस्की. १९९१ साली ते प्रमाण झालं आणि १९८८ पासून पुण्यात असलेल्या सीडॅक या सरकारी संगणकसंस्थेच्या जिस्ट गटानं त्यावर बरंच काम केलं. पण छापखान्यांच्या कपाटांतून निघणाऱ्या फाइली बहुतेक फॉन्टच्याच असतात. आयकॉनव्हचा इथे उपयोग शून्य, कारण हे एन्कोडिंगच नाही. त्या विशिष्ट फॉन्टचा तक्ता घेऊन मजकुरात अदलाबदल करणाऱ्या 'सेड'नं एकेक तुकडा बदलत जावं लागतं, आणि त्यात क्रम महत्त्वाचा: लांब तुकडे आधी, आखूड नंतर. नाहीतर तीन खुणांच्या 'क्ष'मधली पहिली खूण आधीच बदलली जाते आणि उरलेल्या दोन अनाथ होतात.

तेवढ्यावर भागत नाही. फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधी, टाइप केलेली असते. युनिकोडला ती नंतर हवी. 'स्थिती'मधली पहिली वेलांटी नुसत्या स वरून उडी मारून चालत नाही, सबंध 'स्थ' ओलांडून जावी लागते. रफाराचं उलट. 'मूर्ती'मध्ये तो सगळ्यात शेवटी ठेवलेला असतो, तिथून दीर्घ वेलांटीच्या मागे, त च्याही मागे सरकवावा लागतो. दिवाळी अंकांच्या दिवसांत नारायण पेठेतल्या डीटीपीवाल्याचा पहिला प्रश्न 'लेख कशावर आहे' असा नसतो, 'मॅटर युनिकोडमध्ये आहे ना?' असा असतो, तो यामुळे.

आता सगळं युनिकोडमध्ये आहे असं धरू. तरी शोधाशोध सरळ नाही. 'दऱ्या' हा शब्द घ्या. यातला अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो: ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि पाठोपाठ एक अदृश्य जोडखूण. दऱ्या आणि दर्‍या. डोळ्यांना दोन्ही सारखेच. डब्ल्यूसीला मात्र पहिला १५ बाइटांचा, दुसरा १८ चा. ग्रेपनं एक शोधला की दुसरा सापडत नाही. एखादा उत्साही माणूस 'अदृश्य खुणा काढून फाइल स्वच्छ करा' म्हणून ती जोडखूण पुसतो, आणि मग उरतो दर्या. सह्याद्रीच्या दऱ्यांचा एका कमांडीत समुद्र होतो, आणि आचाऱ्यांना दिलेली बिदागी आचार्यांना पोचते. म्हणून ती खूण पुसायची नाही. सेडनं र-हलन्त-जोडखूण या तिकडीच्या जागी ऱ-हलन्त ठेवायचं आणि मग शोधायला बसायचं.

बँकेचंही असंच. चंद्रबिंदूवाली 'बँक' ९ बाइटांची, अर्धचंद्र आणि अनुस्वार वेगळे लिहिलेली 'बॅंक' १२ ची. ग्रेप डॅश-मोठा-ई घेऊन दोन्ही पर्याय कंसात द्यावेत. 'ॲप'मधला ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्याआधीच्या फाइलींत अ ला चंद्र जोडून काम भागवलेलं असतं. जुन्या-नव्या फाइली एकत्र चाळताना हे लक्षात ठेवलेलं बरं.

आकड्यांचा घोळ सगळ्यात चोरटा. सोसायटीच्या देखभाल खर्चाची यादी मराठी आकड्यांत आहे आणि रकान्यांचा हिशेब करणाऱ्या 'ऑक'नं तिसऱ्या रकान्याची बेरीज मागितली, तर उत्तर येतं शून्य. तक्रार नाही, इशारा नाही. ऑकला १२०० ही संख्या वाटतच नाही, शब्द वाटतो. मग पहिला विचार येतो 'टीआर'चा, दहा आकडे समोरासमोर लिहायचे की झालं. पण लिनक्सवरचा टीआर बाइट-बाइट बदलतो आणि तीन-तीन बाइटांच्या आकड्यांचा चिवडा करून ठेवतो. हे काम सेडच्या 'वाय' या आज्ञेचं. तो अक्षरं ओळखतो, लोकॅल नीट असेल तर. 'हेड डॅश-सी १००', म्हणजे पहिले शंभर बाइट दे, म्हणून मजकुराचा नमुना काढणाऱ्यांचीही हीच गत: सलग देवनागरीतली ३३ चिन्हं हाती येतात आणि चौतिसाव्याचा एक तुकडा. त्यापेक्षा ओळी मागाव्यात.

आता वर्डच्या फाइली. नुसत्या नावावर जाऊ नये. नावामागचं शेपूट ही दुकानावरची पाटी, आत काय विकतात ते फाइल कमांड आत डोकावून सांगते. डॉकएक्स म्हणजे मुळात झिप. तिचे पहिले दोन बाइट 'पीके' असतात, झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं. जुनी डॉक वेगळ्या कुळातली, तिला एका प्रकारची फाइल दुसऱ्या प्रकारात बदलणारा 'पँडॉक' हात लावत नाही. आधी लिबरऑफिसला 'एसऑफिस डॅश-डॅश-हेडलेस' असं बिनखिडकीचं चालवून डॉकएक्स करून घ्यायची. त्या वेळी लिबरऑफिसची खिडकी दुसरीकडे उघडी असेल तर कमांड बरेचदा काहीही न करता परत येते आणि माणूस अर्धा तास फाइल कुठे गेली ते शोधतो. आधी खिडकी बंद करावी.

पँडॉक बर्कलीच्या जॉन मॅकफार्लेन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकानं २००६ मध्ये आणला. तत्त्वज्ञाच्या हातून इतकी व्यवहारी वस्तू घडावी याचं कौतुक वाटतं. डॉकएक्समधून साधा मजकूर काढताना 'डॅश-डॅश-रॅप' ला 'नन' सांगावं, नाहीतर तो ७२ रकान्यांवर ओळी तोडतो आणि पुढे ग्रेपला दोन ओळींत विभागलेलं वाक्यच सापडत नाही. मराठीची पीडीएफ काढताना पँडॉकचं नेहमीचं पीडीएफ बनवणारं इंजिन, पीडीएफलाटेक्, पहिल्याच अक्षराला अडतं. इंजिन झीलाटेक् द्यावं, मुख्य फॉन्ट म्हणून नोटो सेरिफ देवनागरीसारखा एखादा नेमावा, आणि फॉन्टच्या पर्यायांत लिपी देवनागरी आहे हे स्पष्ट लिहावं. ते राहिलं तर हलन्त उघडे पडतात, वेलांट्या भलतीकडे जातात, आणि दोष उगाच फॉन्टच्या माथी येतो.

उलटा प्रवास, म्हणजे पीडीएफमधून मराठी काढणं, जास्त बेभरवशाचा. पँडॉक पीडीएफ वाचत नाही. 'पीडीएफटूटेक्स्ट' वाचतो, पण त्याआधी 'पीडीएफफॉन्ट्स' चालवून 'यूएनआय' हा रकाना बघावा. तिथे 'नो' असेल तर आकारावरून अक्षराकडे जायचा नकाशा त्या पीडीएफमध्ये नाहीच, डोकं आपटू नये. 'येस' असेल तरी जोडाक्षरं तपासावीत. नकाशा नसेल तर पानांचे फोटो काढायचे, 'पीडीएफटूपीपीएम'नं ३०० डीपीआयवर, आणि चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या 'टेसरॅक्ट'ला वाचायला द्यायचे. त्याला मराठीचा संकेत द्यावा लागतो तो एम-ए-आर, म्हणजे 'मार'. निकाल पाहिल्यावर कधी कधी तो नक्की कुणाला, असा प्रश्न पडतो. आणि निकालाच्या फाइलीला टीएक्सटी हे शेपूट तो स्वतःच लावतो, आपणही लावलं तर दोन होतात.

एवढं सगळं नीट झाल्यावर, उत्साहाच्या भरात, एक गोष्ट हमखास होते. आयकॉनव्ह किंवा सेड चालवताना बाहेर येणारा मजकूर बाणाच्या खुणेनं त्याच नावाच्या फाइलीत वळवला जातो. जुन्याच्या जागी नवं, सोयीचं वाटतं. पण शेल, म्हणजे आपल्या कमांडी चालवणारा प्रोग्राम, आधी बाणापुढची फाइल रिकामी करतं आणि मग प्रोग्रामला हाक मारतं. प्रोग्राम वाचायला जातो तेव्हा आत काही उरलेलंच नसतं. त्याची काही तक्रार नसते, रिकाम्या फाइलीचं रूपांतर तो चोख करतो. लेसनं उघडावं तर पडदा मोकळा. मग डब्ल्यूसी डॅश-सी.

०.