जुनी बिल्डं कशाला जपून ठेवतोस?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एम्युलेटर म्हणजे गेम खेळायच्या यंत्राची संगणकावर नक्कल करणारा प्रोग्राम, आणि बिल्ड म्हणजे त्याच्या एखाद्या आवृत्तीची थेट चालणारी तयार प्रत. हा प्रश्न मला ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच: "एम्युलेटरची नवी आवृत्ती फुकट मिळते, जुनीपेक्षा चांगली असते. मग एकाच एम्युलेटरची इतकी जुनी बिल्डं हार्ड डिस्कवर कशाला?"

नवी आवृत्ती चांगली असते, म्हणूनच तर.

निन्टेंडोच्या गेम बॉय ॲडव्हान्स या हातातल्या गेम-यंत्राचा एम्युलेटर व्हीबीए (व्हिज्युअलबॉयॲडव्हान्स) घ्या. त्याचा मूळ प्रकल्प २००४ नंतर थंडावला, पण त्यातून निघालेल्या व्हीबीए-आरआरवर लोकांनी गेम विक्रमी वेळात संपवल्याच्या 'मूव्ही' बनवल्या. त्या फाइलमध्ये चित्र नसतंच. सेकंदाला सुमारे ६० फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेमला कोणती बटणं दाबली एवढीच नोंद. एम्युलेटर तीच बटणं पुन्हा दाबत गेम चालवून दाखवतो. त्याच यंत्राचा नवा एम्युलेटर एमजीबीए जास्त अचूक आहे, मान्य. पण अचूक म्हणजे वेळेचं गणित वेगळं. एखादी फ्रेम इकडची तिकडे झाली की उडी उशिरा पडते, हिरो खड्ड्यात जातो, आणि पुढची सगळी बटणं वाऱ्यावर. ती मूव्ही बघायची तर त्या चुकांसकट तेच बिल्ड हवं. व्हीबीए-आरआरचं घर होतं गूगल कोड या सोर्स कोड ठेवायच्या साइटवर. ते २०१६ मध्ये बंद झालं.

प्रोग्रामर मित्र म्हणतात, सोर्स कोड आहे ना, बस्स. कोड हवाच, पण त्यातून बिल्ड बनवायला त्या काळचा कंपायलर (कोडचा चालणारा प्रोग्राम करणारं साधन) आणि त्या काळच्या लायब्ररी (कोडला लागणारे तयार भाग) जुळवता जुळवता रविवार जातो. तयार बिल्ड दोन क्लिकांत उघडतं.

मार्च २०२४ मध्ये हे अनेकांच्या लक्षात आलं. निन्टेंडोच्या स्विच या गेम-यंत्राच्या युझू एम्युलेटरवर निन्टेंडोने फेब्रुवारीत दावा लावला होता, मार्चमध्ये २४ लाख डॉलरवर तडजोड झाली, आणि त्याच झटक्यात त्याच मंडळींचा, निन्टेंडोच्याच थ्रीडीएस यंत्राचा एम्युलेटर सिट्राही बंद. कोडच्या प्रती लोकांकडे होत्या, त्यातूनच पुढे अझाहार हा थ्रीडीएसचा नवा एम्युलेटर उभा राहिला. पण सिट्राची सेव्ह स्टेट, म्हणजे चालू गेम आहे त्या क्षणी गोठवून एम्युलेटरने ठेवलेली नोंद, तिच्या बिल्डशी बांधलेली असते. दुसऱ्या बिल्डमध्ये ती उघडेल याचा भरवसा नाही. त्यावर उपाय साधा आहे: जुन्या बिल्डमध्ये स्टेट उघडा, गेमच्या आतून सेव्ह करा, ती सेव्ह नव्यात न्या. फक्त त्यासाठी जुनं बिल्ड लागतं!

शिवाय एखादा गेम नव्या आवृत्तीत बिघडला, तर नेमक्या कोणत्या बदलाने, हे शोधायला बिल्डांची रांग फार कामाची. मधलं चालवून बघायचं, मग उरलेल्या अर्ध्यातलं मधलं. हजारभर बिल्डांतून गुन्हेगार दहाएक फेऱ्यांत सापडतो.

म्हणून प्रत्येक बिल्डाशेजारी त्याचाच सोर्स आणि हॅश (फाइल बदललेली नाही हे पडताळायचा आकडा) ठेवतो. सोर्स केवळ हौसेने नाही. यातले बहुतेक एम्युलेटर जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आहेत. बिल्ड कुणाला द्यायचं तर सोर्सही द्यावा लागतो. तुम्हाला एखादं हवं असेल तर जरूर मागा. रॉम, म्हणजे खुद्द गेमच्या प्रती, मात्र मागू नका, ते मी ठेवत नाही.