गरम झाल्यावर बंद पडणारी स्कूटर आणि गप्प बसलेले टॅपेट

सकाळी व्यवस्थित सुरू होते, पाच-सहा किलोमीटर नीट चालते आणि मग सिग्नलला थ्रॉटल सोडला की फुस्स करून बंद. पुन्हा स्टार्टर मारला की लगेच घेत नाही, थोडी रेस दिली तरच घेते. ११०-१२५ सीसीच्या गिअरलेस स्कूटरची ही तक्रार घेऊन गॅरेजला गेलात की पहिला उपाय ठरलेला असतो: आयडलचा, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावरच्या मंद चालीचा, स्क्रू अर्धा आटा आत. गाडी बंद पडायची थांबते, मागचं चाक उभ्याउभ्या ओढायला लागतं, पेट्रोल जास्त जातं आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

प्लग, एअर फिल्टर, कार्ब्युरेटरचा पायलट जेट (आयडलला पेट्रोल देणारं बारीक भोक) आणि कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणारं मॅनिफोल्डचं रबर हे आधी बघावंच, कारण ते सोपं आहे. जेट तुंबला असेल तर गाडी थंड असतानाही स्लोला टिकत नाही. रबराला चीर गेली असेल तर रेस आपोआप वरखाली होते. हे सगळं ठीक असून फक्त गरम झाल्यावरच त्रास होत असेल, तर संशय टॅपेटवर घ्यायचा. रॉकर हा व्हॉल्व्हची दांडी दाबून व्हॉल्व्ह उघडतो; त्याच्या टोकाचा फट जुळवायचा स्क्रू म्हणजे टॅपेट. त्यातही आवाज न करणाऱ्या टॅपेटवर.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. टॅपेट म्हटलं की लोकांना ‘टिकटिक’ आठवते. आवाज म्हणजे टॅपेट आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यातली फट जास्त. त्याने व्हॉल्व्ह थोडा उशिरा आणि कमी उघडतो, रॉकर झिजतो, पण इंजिन लगेच मरत नाही. फट कमी झाली तर आवाज उलट जातो आणि गाडी छान गुळगुळीत वाटते. व्हॉल्व्ह आणि तो मिटल्यावर जिथे टेकतो ती सीट एकमेकांवर आपटून झिजतात, व्हॉल्व्ह हेडमध्ये किंचित आत बसतो, त्याची दांडी रॉकरकडे सरकते आणि फट हळूहळू संपते. इंजिन तापलं की दांडी आणखी लांबते. मग व्हॉल्व्ह पुरता मिटतच नाही. कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गळतं, आयडलला इंजिनाची ओढ कमी पडते आणि ते बसतं. वेगात असताना गळायला वेळच मिळत नाही, म्हणून हायवेवर गाडी ठणठणीत वाटते. जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं नुकसान यात जास्त होतं. तो मिटून सीटला टेकतो तेव्हाच त्याची बरीचशी उष्णता हेडमध्ये उतरते. टेकलाच नाही तर कड जळते, आणि मग टॅपेट सेट करून भागत नाही.

टू-स्ट्रोक चेतक वापरलेल्या पिढीला ही भानगडच नव्हती, त्या इंजिनाच्या हेडमध्ये व्हॉल्व्हच नसायचे. ‘स्कूटरला कसलं टॅपेट सेटिंग’ हे वाक्य बहुधा तिथूनच आलेलं असावं.

काम इंजिन पूर्ण थंड असतानाच करायचं. ३५ अंशांखाली हवं. विदर्भात मे महिन्यात दुपारी नुसती उभी असलेली गाडीही त्याच्यावर जाते, तेव्हा रात्रभर उभी ठेवून पहाटे करा. सामान थोडंच लागतं: फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच), ८ आणि १० चा टी-पाना, प्लगपाना, लॉकनटसाठी (टॅपेट जागेवर पक्का धरणारा नट) बऱ्याच इंजिनांत ९ चा रिंगपाना, आणि टॅपेटचा स्क्रू म्हणजे अ‍ॅडजस्टर फिरवायला त्याच्या डोक्याच्या आकाराप्रमाणे चौकोनी टोकाची किल्ली किंवा स्क्रूड्रायव्हर. फीलर गेज घेताना पाती बघून घ्या. स्वस्त सेटमध्ये ०.०५, ०.१०, ०.१५ मिमी अशाच उड्या असतात. ०.०८ किंवा ०.१४ मोजायचं असेल तर ०.०१ च्या पायरीचा सेट हवा. हेडकव्हरचं नवं पॅकिंग आधीच आणून ठेवा. जुनं रबर कडक झालेलं असतं, परत बसवलं की ऑइल पाझरतं आणि मग शेलॅक (सांधा बंद करायचा चिकट लेप) थापायची वेळ येते.

सीटखालची डिक्की आणि लागेल तेवढे प्लॅस्टिक पॅनेल काढा. या गाड्यांचा सिलिंडर आडवा असतो, म्हणून हेडकव्हर पुढच्या बाजूला येतं. कार्ब्युरेटरच्या बाजूचा, म्हणजे वरचा रॉकर इनलेटचा (हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा). सायलेन्सरच्या बाजूचा, खालचा एक्झॉस्टचा. उजवीकडचं फॅन कव्हर उघडा आणि प्लग काढून ठेवा म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरेल. प्लगच्या भोकाभोवतीची माती आधी फुंकून घ्या. किकने फिरवण्याच्या फंदात पडू नका, हवं तिथे थांबत नाही.

उजवीकडून बघताना फॅन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा. फॅनमागच्या मॅग्नेटवरची (क्रँकवरच्या चुंबकी चाकावरची) ‘टी’ ही खूण केसवरच्या खुणेसमोर आणायची. काही मॅग्नेटवर शेजारीच ‘एफ’ असते, ती इग्निशनची, तिला भुलू नका. आता महत्त्वाचं: क्रँकच्या दर फेऱ्याला ‘टी’ समोर येते, पण दोनांतल्या एकाच वेळी पिस्टन कंप्रेशनच्या टोकावर असतो. दुसऱ्या वेळी एक्झॉस्ट मिटत असतो आणि इनलेट उघडत असतो. त्या जागी सेटिंग केलं की सगळंच चुकतं. ओळख सोपी आहे. दोन्ही रॉकर बोटांनी किंचित हलले पाहिजेत. एखादा ताठ असेल तर अजून एक पूर्ण फेरा द्या. मात्र टॅपेट फार आवळले असतील तर योग्य जागीही रॉकर हलणार नाहीत, म्हणून कॅम स्प्रॉकेटवरची (रॉकर हलवणाऱ्या कॅमच्या दातेरी चाकावरची) खूणही ताडून बघा. खूण ओलांडली तर उलटं फिरवू नका, दोन फेरे पुढे जाऊन परत या. डीकंप्रेसर (स्टार्ट करताना कंप्रेशन थोडं सोडणारी सोय) असलेल्या कॅमवर उलट फिरवण्याने एक्झॉस्टचं माप फसतं.

माप गाडीगणिक वेगळं असतं आणि इनलेट-एक्झॉस्टचं सारखंच असेल असंही नाही. आकडा आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतूनच घ्या, शेजारच्याच्या गाडीचा नको. समजा पुस्तिकेत ०.१० मिमी आहे. ०.१० चं पातं अ‍ॅडजस्टर आणि व्हॉल्व्हच्या टोकामध्ये सरकवा. हलकी ओढ लागत सरकलं पाहिजे, आणि ०.१२ चं शिरता कामा नये. पातं तिरकं धरलं तर खोटी ओढ लागते. अ‍ॅडजस्टरच्या टोकाला झिजून खड्डा पडला असेल तर सपाट पातं खड्ड्यावरून पुलासारखं जातं: गेज बरोबर दाखवतं, खरी फट जास्त असते आणि सेटिंग करूनही टिकटिक राहते. असा अ‍ॅडजस्टर बदला, तो फार महाग नसतो.

लॉकनट सैल करा, पातं आत ठेवूनच अ‍ॅडजस्टर फिरवा. आटे बारीक असतात. पिच अर्धा मिलिमीटर असेल तर पूर्ण फेऱ्याला फट ०.५ मिमी बदलते, म्हणजे ०.०५ साठी जेमतेम दहावा हिस्सा फेरा. मनगट किंचित हललं तरी माप गेलं. अ‍ॅडजस्टर घट्ट धरून लॉकनट आवळा. आवळताना नट स्क्रूला थोडा वर ओढतो आणि फट बदलते, त्यामुळे नट आवळल्यावरचं मापच खरं. एकदा जुळलं नाही तर दोनदा-तीनदा करावं लागतं, त्यात कमीपणा नाही. नटाला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात. छोटा नट आहे, पूर्ण जोर लावला तर आटे जातात. शेवटी इंजिन दोन फेरे फिरवून पुन्हा ‘टी’वर आणा आणि दोन्ही मापं परत घ्या.

मापाच्या मर्यादेत राहून किंचित सैल बाजूला ठेवलेला एक्झॉस्ट मला जास्त पसंत आहे. कानाने सेटिंग करणारे मिस्त्री नेमकं उलट करतात: आवाज जाईपर्यंत आवळतात.

सगळं जोडून गाडी चांगली तापवा आणि मग आयडल जुळवा. आधी कोणी स्क्रू आत घातला असेल तर आता रेस वाढलेली दिसेल, तो बाहेर घ्या. मधल्या स्टँडवर आयडलला मागचं चाक रेंगाळलं तर चालतं, जोरात फिरता कामा नये. बीएस६ इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) गाड्यांत आयडल ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, सांभाळतो. आवळलेले टॅपेट तो बरेच दिवस झाकून नेतो, म्हणून तिथे तक्रार उशिरा येते. हेडकव्हरच्या कडेला दुसऱ्या दिवशी ऑइलचा ओलावा आहे का, तेही बघून घ्या.

हजारेक किलोमीटरमध्येच फट पुन्हा संपली तर सीट झिजून आत बसते आहे किंवा व्हॉल्व्ह जळतो आहे. मग हेड उतरवायचं, प्लग लावून ते उलटं ठेवायचं, चेंबरमध्ये रॉकेल भरायचं आणि कुठल्या पोर्टातून ठिबकतं ते पाहायचं. ज्यातून ठिबकेल त्याचा व्हॉल्व्ह लॅपिंगला, म्हणजे सीटवर घासून बसवायला. कडेला खाच दिसली तर नवाच टाकायचा.