आमची वाटचाल : खदखदलेल्या बॅटरीपासून

भोसरी एमआयडीसीत भाड्याची पत्र्याची शेड, मी आणि धाकटा भाऊ, तापकीर गल्लीतून पिशव्या भरून आणलेले सुटे भाग. काम इन्व्हर्टर दुरुस्तीचं. त्यात चाकणच्या एका गोदामातून विचारणा आली : फोर्कलिफ्टची ४८ व्होल्टची लेड-ॲसिड (शिसं-आम्लाची) बॅटरी आठ-दहा तास चार्जिंगला अडकते, दुसरी पाळी चालवायची कशी?

आम्ही चार्जरचा करंट वाढवला. एवढंच सुचलं. एप्रिलच्या दुपारी गोदामातून फोन आला म्हणून धावलो, तर बॅटरीचे चोवीसही सेल (प्रत्येकी दोन व्होल्टचे कप्पे) चुलीवरच्या आमटीसारखे खदखदत होते, वास नाकात झोंबत होता. बुचं काढली तर पाणी प्लेटांच्या खाली गेलेलं. बॅटरी आम्हीच नवी घेऊन दिली. त्या बिलाची झेरॉक्स बायकोने अजून जपून ठेवली आहे, मला दाखवायला.

मग अक्कल आली. बॅटरीतून १०० अँपिअर-तास (म्हणजे १०० अँपिअर करंट तासभर वाहील एवढी वीज) गेले असतील, तर सुरुवातीला १०० अँपिअरही ती निमूट घेते. पण भरत जाईल तसा करंट त्याच प्रमाणात उतरवावा लागतो. या हिशेबाने गेलेल्यापैकी ६३ टक्के पहिल्या तासात परत येतात, दोन तासांत ८६. पुढे रेटलं की करंट पाणी फोडण्यात जातो, हायड्रोजन सुटतो. २५ अंशांना सेलमागे साधारण २.४ व्होल्ट ही हद्द, आणि दर अंशामागे ती सुमारे ४ मिलिव्होल्टने खाली येते. गोदामात ४० अंश होते. म्हणजे चोवीस सेलना मिळून जवळजवळ दीड व्होल्ट कमी द्यायला हवे होते. आमचा चार्जर २.४ च्या चोवीसपट, ५७.६ व्होल्टवर ठाण मांडून!

आता प्रत्येक चार्जरची एक वायर तापमानाच्या सेन्सरसह थेट बॅटरीला चिकटलेली असते. जेवणाच्या सुट्टीत जलद चार्जिंग, आणि सुट्टीच्या दिवशी सावकाश पूर्ण चार्जिंग; नाहीतर अर्धवट भरलेल्या प्लेटांवर सल्फेट धरतं. ही दुसरी अट गिऱ्हाइकाला नको असते. हल्ली ई-रिक्षावाले येतात. "अर्ध्या तासात फुल्ल करून द्या दादा." भाऊ काही बोलत नाही, बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजणारा हायड्रोमीटर त्यांच्या हातात देतो. घनता १२८० वर आल्याशिवाय फुल्ल म्हणायचं नाही, हा आमच्या शेडचा नियम. काहीजण उठून जातात. परवा एक जण परत आला, चारही बॅटऱ्या फुगलेल्या घेऊन.