वाड्यात शूट केलं की गुण जास्त मिळतात का?

दरवर्षी मुलांचे पाच-सात मिनिटांचे थरारपट तपासायला बसते, तेव्हा कुणी ना कुणी हे विचारतंच. आताही तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: नाही मिळत. पण का नाही, ते जरा सविस्तर सांगायला हवं.

पंचवटीतला जुना वाडा कॅमेऱ्याला खूप काही फुकट देतो. दिंडी दरवाजा, चौक, काळवंडलेले सागवानी खांब, अंधारा जिना, ओटीच्या दारातून दिसणारं माजघर आणि त्याच्याही पलीकडचं एक दार. फोन कसाही धरा, चित्र भारी दिसतं. पण तो वाडा तुम्ही बांधलेला नाही. तुम्ही त्यात काय ठेवलंत, काय उचलून बाहेर नेलंत, माणूस कुठे उभा केलात, दिवा कुठे लावलात, याला मी गुण देते. जागा, वस्तू, कपडे, रंगभूषा, उजेड, माणसांच्या हालचाली, चौकटीत दिसणाऱ्या सगळ्याची ही मांडणी. फ्रेंच रंगभूमीवर तिला 'मीज-आँ-सेन' म्हणतात; सिनेमाने शब्द तिथूनच घेतला.

पहिल्यांदा मी फिल्म आवाज बंद करून बघते, कारण पार्श्वसंगीत फार उणिवा झाकतं. मग एकेक वस्तू मनातल्या मनात काढून बघते. ती नसती तर काही बिघडलं असतं का? काळं हुडी, लाल झिरोचा बल्ब, नवी कोरी सुरी या तिन्ही गोष्टी बहुतेक फिल्म्समध्ये असतात आणि तिन्ही काढल्या तरी गोष्ट तशीच राहते. त्या गोष्टीतून आलेल्या नसतात, दुसऱ्यांच्या फिल्म्स बघून आलेल्या असतात. नाशिकमध्ये मे महिन्यात हुडी घालून कोण फिरतं?

याउलट एका मुलीची फिल्म सांगते. गंगापूर रोडवरचा साधा दोन खोल्यांचा फ्लॅट. नात संध्याकाळी घरी येते, आजी दिसत नाही. दाराशी आजीच्या चपला आहेत. नात हाका मारत खोल्या धुंडाळते, कॅमेरा पुन्हा दाराशी येतो, तर तिथे आजीच्या चपलांशेजारी पुरुषाच्या चपला. नीट जोडून ठेवलेल्या. कुणी काही बोलत नाही, कॅमेराही जवळ जात नाही. माझ्या शेजारी बसलेल्या परीक्षकांनी श्वास रोखला ते मला ऐकू आलं. चोर चपला काढून घरात शिरत नाही. म्हणजे जो आत आलाय तो या घरात नेहमी येणारा आहे, आणि हे आपल्याला नातीच्या आधी कळतं. एवढं सगळं एका चपलांच्या जोडाने सांगितलं. तो काढा, फिल्मच उरत नाही.

अंधाराबद्दलही बोलायला हवं. अंधार म्हणजे भीती असं धरून मुलं सगळे दिवे घालवतात. मग फोन स्वतःच चित्र उजळायला बघतो आणि पडद्यावर नुसते दाणे दिसतात. एक टेबललॅम्प चेहऱ्याच्या जवळ ठेवा, एक्स्पोजर लॉक करा, म्हणजे फोनला उजेड स्वतःहून कमी-जास्त करू देऊ नका, बाकीची खोली आपोआप बुडते. काय झाकायचं याच्याआधी काय उजळायचं ते ठरवावं लागतं. थरारपटांसाठी गाजलेला दिग्दर्शक हिचकॉक याने 1941 च्या 'सस्पिशन'मध्ये दुधाच्या पेल्यातच छोटा दिवा ठेवला होता. नायक तो पेला घेऊन जिना चढतो आणि आपली नजर त्या पांढऱ्या पेल्यावरून हलत नाही.

आणि मुलं फिल्मसोबतच्या अहवालात लिहितात, "तणाव निर्माण करण्यासाठी कमी प्रकाश वापरला." हे वर्णन झालं, मूल्यमापन नाही. तणाव कुणाला जाणवला, कुठल्या क्षणी, आणि कुठे जमलं नाही, ते लिहा.

माझ्याकडून एकदा फार मोठी चूक झाली. एका मुलाने गोदाघाटावर, लख्ख उजेडात थरारपट केला होता. दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींच्या रांगेतून एक मुलगा चाललाय, आणि तो एक चादर ओलांडतो तेव्हा मागच्या चादरीवर कुणाची तरी सावली पडते. दरवेळी एक चादर जवळ. मी शेरा लिहिला, "प्रकाशयोजना नाही," आणि दहापैकी चार गुण दिले. 1913 साली ज्यांनी आपली फिल्म कंपनी याच नाशिकला आणली, ते दादासाहेब फाळके उन्हावरच चित्रण करत, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. तरीही ऊन हाच त्या मुलाचा दिवा होता, हे मला दिसलं नाही.

पुढच्या वर्षी तो भेटला तेव्हा मी विचारलं. सूर्य हवा तितका खाली जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं असतो, म्हणून ती मुलं चार दिवस पहाटे गेली होती आणि चादरी रोज घरून नेत होती. हे त्याने अहवालात लिहिलं नव्हतं, मीही तेव्हा विचारलं नव्हतं. आता गुण लिहिण्याआधी प्रत्येकाला समोर बसवते आणि विचारते, ही वेळ कुणी ठरवली, ही वस्तू इथे कुणी ठेवली.