कागदाची वही, नोंद ७: वनभेंडी समजून निचर्डी

मागच्या नोंदीत मी छाती फुगवून लिहिलं होतं की हाताने कागद करण्यासाठी वनभेंडीचा पहिला गठ्ठा भिजत घातला. ते मागे घेतो. गठ्ठ्यात निम्मी निचर्डी निघाली.

चूक कशी झाली ते सांगतो, तुमचीही होऊ शकते. मुळशीकडे रस्त्याच्या कडेला ही दोन्ही झुडपं एकमेकांना खेटून वाढतात. दोघांची पानं खरबरीत, सालीला धागा, आणि फळं विजारीला चिकटणारी. मी विजारीवरच्या कुसळांवरून ओळख पटवायला गेलो! फूल असेल तर प्रश्नच नाही. वनभेंडीचं गुलाबी, मधे जास्वंदीसारखा पुंकेसरांचा दांडा. निचर्डीची पिवळी, बारीक, झुबक्यात. फूल नसेल तर पान उलटं करा. वनभेंडीच्या मधल्या शिरेवर, देठाजवळ, एक बारीक ग्रंथी दिसते. १० पट भिंग खिशात असूनही मी पान उलटलं नव्हतं.

तर दोन्ही वेगळी करून पिंपात ११ दिवस कुजवली. नवव्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "काय हो, उंदीर मेलाय का तुमच्याकडे?" पुढच्या वेळी पिंप गच्चीवर.

साल सोलून, धुऊन, वाळवून वनभेंडीचा ३०० ग्रॅम वाख (सालीचा धागा) हाती आला. ६० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून स्टीलच्या पातेल्यात तीन तास शिजवला. अॅल्युमिनियमचं भांडं घेऊ नका, सोडा ते खातो (आईचं एक पातेलं त्यातच गेलं). मग पाण्याचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत धुणं आणि पाट्यावर लाकडी मोगरीने कुटणं. दोन संध्याकाळी गेल्या. मिक्सरने काम झटपट होतं, पण तो धागा कापतो, मोगरी धागा फुलवते. मिक्सरमधल्या लगद्याचा कागद माझ्याकडे घडीवर फाटला.

या खेपेची खरी कमाई म्हणजे भेंडीचा चिकट. जपानी वाशी कागदात धागे पाण्यात तरंगत राहावेत म्हणून एका भेंडीवर्गीय झाडाच्या मुळांचा चिकट घालतात. आपली रानभेंडी (वनभेंडी नव्हे) त्याच गोतावळ्यातली. मुळांसाठी झाड उपटायला मन धजेना, म्हणून बाजारातल्या भेंड्या चिरून रात्रभर गार पाण्यात ठेवल्या आणि ते पाणी गाळून टबात ओतलं. गरम करू नका, चिकटपणा मरतो. आधी लगद्याच्या गाठी व्हायच्या आणि साचा (ताव गाळायची जाळीची चौकट) उचलताच पाणी भसकन निघून जायचं. आता ते सावकाश उतरतं, तेवढ्यात साचा हलवून धागे पसरवता येतात.

१४ ताव निघाले, धड सहा. बोरूने लिहिलं तर शाई फुटली. जुन्नरचा जुनेरी कागद खळ लावून घोटायचे, म्हणून एका तावाला तांदळाची पातळ खळ लावली आणि वाळल्यावर कवडीने घोटला. रेघ बऱ्यापैकी नेटकी आली.

निचर्डीचा वाख अजून डब्यात आहे. त्यावरची 'वनभेंडी' अशी चिठ्ठी आज खोडली.