दाव्याला बांधलेली विमानं

रात्री एक वाजता पोवई नाक्यावर चिटपाखरू नसतं. जुलै असेल तर काचेवर पाऊस आणि खाली एखादी मुंबईकडे निघालेली ट्रॅव्हल्स, एवढंच. आमच्या ऑफिसात मात्र तेव्हा श्वास घ्यायला फुरसत नसते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, ओशकोश नावाच्या गावात त्या वेळी दुपारचे अडीच वाजलेले असतात आणि विमानांच्या कसरती सुरू होतात. आमच्यात आणि त्यांच्यात साडेदहा तासांचं अंतर.

वैमानिकांना लागणारं सामान विकणारी तिकडची एक लहान कंपनी आहे. हेडसेट, रेडिओच्या बॅटऱ्या, पेट्रोलमध्ये पाणी आहे का ते बघायच्या नळ्या, कॉकपिटवर घालायची आच्छादनं, असला माल. त्यांचा साठा, बिलं आणि गिऱ्हाइकांची चॅट आम्ही तिघं साताऱ्यातून सांभाळतो. वर्षभर काम सरळ चालतं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मात्र ओशकोशचा मेळा भरतो, एअरव्हेंचर, आणि मग सात रात्री आम्ही कुठे बसलोय हेसुद्धा विसरायला होतं.

हा मेळा आधी समजून घ्यायला हवा. घरच्या गॅरेजमध्ये स्वतः विमान बांधणाऱ्या हौशी लोकांची एक संघटना पॉल पोबेरेझ्नी यांनी 1953 साली मिलवॉकीत काढली. त्याच वर्षी त्यांचा पहिला मेळावा झाला. 1970 पासून तो ओशकोशच्या विमानतळावर भरतो. गावाची वस्ती 66 हजारांच्या आसपास, म्हणजे साताऱ्याच्या निम्मी. आणि आठवड्याभरात येणारी माणसं? 2019 ला 6 लाख 42 हजार, 2023 ला 6 लाख 77 हजार, 2024 ला 6 लाख 86 हजार. विक्रेते आठशेच्या वर. ओशकोश आणि आसपासच्या धावपट्ट्यांवर मिळून दहा हजारांहून जास्त विमानं उतरतात. त्या आठवड्यात तिथला कंट्रोल टॉवर जगातला सगळ्यात गजबजलेला असतो. फिस्क नावाच्या खेड्याजवळ कंट्रोलर जमिनीवर उभे राहून दुर्बिणीतून विमानं ओळखतात. एवढ्या जणांनी रेडिओवर उत्तरं दिली तर कुणालाच काही ऐकू येणार नाही, म्हणून वैमानिकाने बोलायचं नाही, नुसते पंख हलवायचे. उतरायच्या जागेवर रंगीत ठिपके रंगवलेले असतात, "हिरव्यावर उतर" म्हणून सांगतात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचलं. कराडच्या धावपट्टीच्या कुंपणाबाहेरून पाहिलेली दोन-चार लहान विमानं, एवढीच माझी विमानांशी ओळख होती.

पहिल्या वर्षी हे आकडे मी घरी मोठ्या उत्साहाने सांगितले. मामा ऐकत होता. मामाचा जन्म जत्रांमध्ये गेला. पुसेगावला सेवागिरी महाराजांची, पालला खंडोबाची, औंधला यमाईची, प्रत्येक जत्रेत त्याचं पाल पडतं, आणि ज्ञानेश्वर माऊलींची पालखी नीरा ओलांडून जिल्ह्यात आली की लोणंदपासून फलटणपर्यंत तो बरोबर असतो. खेळणी, फुगे, टाळ, पावसाळ्यात प्लॅस्टिकचे कागद आणि सुतळी. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आगं, आलं किती ते ऱ्हाऊ दे. मुक्कामाला किती?"

मला उत्तर देता आलं नाही.

मामाचं म्हणणं साधं होतं. लोणंदला लाखभर माणूस दिसतं, पण त्यातलं निम्मं दर्शन घेऊन संध्याकाळच्या गाडीने घरी जातं. ते पोरासाठी फुगा घेतं. जो रात्री शेतात झोपणार, त्याला कागद लागतो, सुतळी लागते, काडेपेटी लागते. माल भरताना दुकानदाराने माणसं मोजून भागत नाही, ती कुठं झोपणार आहेत ते बघावं लागतं.

हा प्रश्न डोक्यात बसला. पुढच्या हंगामाआधी मी मागच्या तीन मेळ्यांची बिलं काढली आणि कुठल्या दिवशी, कितव्या तासाला काय खपलं ते मांडत बसले. महिनाभर रोज थोडं थोडं. चित्र हळूहळू दिसायला लागलं. ओशकोशला मुक्कामी माणूस दोन प्रकारचा. एक गाडी घेऊन येऊन तंबू ठोकणारा. दुसरा स्वतःच्या विमानाने येतो, विमान गवतावर लावतो आणि त्याच्याच पंखाखाली तंबू टाकून आठवडाभर राहतो. आमची कंपनी भर द्यायची हेडसेटवर, कारण एका हेडसेटमागे पैसे जास्त. पण पंखाखाली झोपणारा माणूस आमच्याकडे पुन्हा पुन्हा येत होता तो बारीकसारीक वस्तूंसाठी, आणि त्यातही एका वस्तूसाठी. दावं.

दुसरा शब्द मला सुचत नाही. गवतावर उभं केलेलं विमान बांधावं लागतं. दोन पंखांखाली एकेक कडी आणि शेपटाखाली एक, अशी तीन दावी, तीन मेखा जमिनीत. सेसना 172 हे जगात सगळ्यात जास्त बनलेलं लहान विमान, रिकामं वजन साडेसातशे किलोच्या आसपास. ताशी 90 किलोमीटरच्या आसपास वेग मिळाला की त्याचे पंख त्याला उचलायला लागतात. तो वेग इंजिनाने दिला की समोरून आलेल्या वाऱ्याने, हे पंखाला कळत नाही. वादळात मोकळं सोडलेलं विमान जागच्या जागी उडू बघतं आणि शेजारच्या विमानावर जाऊन आदळतं. म्हणून तिथे नियमच आहे की येणाऱ्याने आपली दावी-मेखा आपण आणायच्या. सगळे आणत नाहीत. काहींची जुनी असतात. बिलांमध्ये दाव्यांची विक्री मेळ्याआधीच्या शनिवार-रविवारी दिसत होती, मग शून्य, आणि मग एखाद्या दुपारी एकदम उसळी. त्या तारखांचं हवामान मी पडताळून पाहिलं. प्रत्येक उसळीच्या संध्याकाळी वादळ होतं.

मी मालकांना पत्र लिहिलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून दाव्यांचे 240 संच पाठवले. नेहमीच्या तिप्पट. स्टॉलवर जागा नाही म्हणून ते मागच्या ट्रेलरमध्ये ठेवले. पेट्यांची यादी मी केली होती. संगणकात तर होतीच, पण मामाच्या हाताखाली सुट्ट्या काढल्यामुळे मला वहीची सवय आहे. कुठली पेटी कुठे, कुणावर कुठली, हे मी पेनने लिहून ठेवते. हिशेब कागदावर उतरला नाही तर मला चैन पडत नाही.

मंगळवारची रात्र होती. म्हणजे तिकडे मंगळवारची भर दुपार.

बाराच्या सुमारास मी रडार उघडलं. पश्चिमेकडून, मिनेसोटाच्या बाजूने एक लाल-पिवळी पट्टी सरकत येत होती. आमच्याकडेही पाऊस पश्चिमेकडूनच येतो. यवतेश्वरचा डोंगर काळा झाला की वाळत घातलेले कपडे काढायला धावायचं, हे मला शाळेपासून माहीत. ती पट्टी बघून मला तसंच झालं. साडेबाराला चॅटवर पहिला प्रश्न आला, स्टॉल कुठे आहे आणि दावी आहेत का. दहा मिनिटांत सहा प्रश्न. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं की माझी दावी बारा वर्षांची आहेत, रंग उडालाय, चालतील का. मी लिहिलं, चालणार नाहीत, उन्हाने नायलॉनचा जोर जातो, आत्ताच येऊन नवी घ्या.

स्टॉलवर फोन लावला. मालक कुठेतरी बैठकीत होते. एक कॉलेजचा मुलगा दुकान सांभाळत होता. म्हणाला, "इथे आकाश निळं आहे. आणि आत्ता हॉलमध्ये कुणी नाहीच, सगळे बाहेर कसरती बघायला गेलेत."

मी म्हटलं, "कसरती संपल्या की सगळे एकदम येतील. हेडसेट मागे घे, दावी पुढे मांड."

"मालकांना विचारायला हवं."

"मी विचारते. तू पेट्या आणायला घे."

मालकांना मी दोनदा फोन केला, उचलला नाही. तेव्हा मी त्यांना लिहून कळवलं की हा निर्णय मी घेतला आहे, चुकला तर माझा. हात थरथरत होते. हजारो मैलांवरून, आकाश न पाहता, कुणाचं तरी दुकान हलवायला सांगणं सोपं नव्हतं.

मुलगा ट्रेलरपाशी पोचला आणि एक वाजून पन्नास मिनिटांनी साताऱ्यात लाईट गेली.

इन्व्हर्टरने चार मिनिटं धरलं आणि तोही बसला. राऊटर बंद, स्क्रीन काळी. खिडकीबाहेर नाक्यापासून अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत सगळा अंधार. ऑफिसमधल्या दादाने मोबाईलचा टॉर्च धरला. माझ्या फोनला एक कांडी रेंज होती, आणि पलीकडे तो मुलगा चाळीस पेट्यांसमोर उभा राहून विचारत होता की यातल्या कुठल्या. त्याच्या टॅबवर नुसतं "ट्रेलर, 240" एवढं दिसत होतं.

मी वही उघडली. "आत शिरलास की डाव्या हाताला तळाची रांग. लाल पट्टीच्या पेट्या. 14, 15, 16. वर आच्छादनांच्या हलक्या पेट्या आहेत, त्या बाहेर काढून ठेव. प्रत्येकीत 40 संच. बाकीच्या तीन अगदी मागे, पण त्या नंतर."

पलीकडून पेट्या सरकवल्याचा आवाज येत होता. मग, "सापडल्या."

सव्वादोनपर्यंत तीन पेट्या स्टॉलवर आल्या. तोवर आकाशाचा रंग बदलला होता आणि मैदानावर ध्वनिक्षेपकावरून सूचना सुरू झाल्या होत्या. मुलाने फोन टेबलावर तसाच चालू ठेवला. मला गर्दी ऐकू येत होती. गुंजारव वाढत वाढत कल्ला झाला. आणि त्यातच मला ऐकू आलं की एक जण चार संच मागतोय आणि मुलगा देतोय.

मी ओरडले. दादा दचकला. "एका विमानाला एकच! विमान कुठल्या रांगेत आहे ते विचार आणि एकच दे!" लोणंदला पाऊस आला की मामा असंच करतो. एकाला पाच कागद दिले तर गल्ला तेवढाच भरतो, पण चार माणसं भिजतात. इथे तर एक मोकळं विमान शेजारच्या दोघांना घेऊन जाणार होतं.

तेवढ्यात मालक धापा टाकत आले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी समोरची रांग पाहिली, मुलाने त्यांना दोन वाक्यांत सांगितलं, आणि त्यांनी जाहीर केलं की एकाला एकच मिळेल आणि किंमत छापलेलीच राहील. उरलेल्या तीन पेट्या आणायला ते स्वतः गेले. कुठे आहेत ते मी त्यांना फोनवर वाचून दाखवलं.

दोन पन्नासला तिकडे वारा सुटला. सगळ्यांना आडोशाला जायला सांगितलं, स्टॉल बंद झाला, फोन कट झाला.

मग काहीच नाही. आमच्याकडे अंधार, तिकडची खबर नाही. दादाने गॅसवर चहा टाकला. मी टॉर्चच्या उजेडात वहीत आकडे जुळवत बसले, पण लक्ष लागेना. जी माणसं मी कधी पाहिली नाहीत, त्यांची विमानं. कुणी दहा-दहा वर्षं रात्री जागून गॅरेजमध्ये एकेक रिव्हेट ठोकून बांधलेली. अशा लोकांशी मी चॅटवर बोलले आहे. ते विमानाबद्दल बोलतात तेव्हा आमच्याकडचा शेतकरी शर्यतीच्या खोंडाबद्दल बोलतो तसंच वाटतं.

तीन पंचविसाला लाईट आली. मालकांचा निरोप आला पावणेचारला. स्टॉलचा एक पडदा फाटला होता, थोडा माल भिजला होता, माणसं सुखरूप. आमच्याकडून दावी नेलेल्या रांगांमध्ये ते स्वतः चक्कर मारून आले होते. सगळी विमानं जागेवर होती. 187 संच गेले होते.

चॅटवर त्या म्हाताऱ्या गृहस्थांचा फोटो येऊन पडला होता. ओलं गवत, पिवळं लहानसं विमान, पंखाखाली कोलमडलेला तंबू आणि ताणलेलं नवं कोरं दावं. खाली लिहिलं होतं, "धरलं. तंबूचं काही नाही. तुम्ही मैदानावर कुठल्या बाजूला आहात? भेटून आभार मानायचे आहेत."

मी लिहिलं की मी भारतात आहे, साताऱ्यात, इथे पहाटेचे चार वाजलेत आणि पाऊस पडतोय. बराच वेळ उत्तर आलं नाही. मग आलं, "तुमच्याकडचं सगळं नीट बांधलेलं आहे ना?"

घरी पोचले तेव्हा उजाडलं होतं. मामा ओसरीवर पालखीच्या मुक्कामातून आणलेल्या ताडपत्र्यांना ठिगळं लावत होता. चहा घेता घेता मी त्याला सगळं सांगितलं. वादळाचं त्याला फारसं नवल वाटलं नाही. एकाला एकच दिलं, हे ऐकून मात्र त्याने मान हलवली. मग विचारलं, "उरली किती?"

"त्रेपन्न."

"आणि दिवस किती ऱ्हायलं मेळ्याचं?"

"पाच."

"मग ती आत टाकू नगा. म्होरं ठेवा."

मी फोन काढून स्टॉलला तेवढं कळवलं, आणि 53 संच आता कुठल्या पेटीत आहेत ते झोपायच्या आधी वहीत लिहून ठेवलं.